पाचशे मिलिसेकंद

रात्री अडीचला चाचण्या धावतात.
एकशे बारा. चार मिनिटांत सगळ्या.
सकाळी मी येते तेव्हा हिरव्या टिकल्यांची रांग
आणि रायवोचा निरोप:
सगळं ठीक. कॉफी संपलीय.

पार्नूत नोव्हेंबरात नऊच्या सुमारास उजाडतं,
तेही नाखुशीनं.
खाडी अजून गोठलेली नाही,
बेटावरची बोट अजून चालू आहे,
आणि तिची तिकिटं विकतो आम्ही.

एंडेल कूस्कची तक्रार तीन आठवडे पडून होती.
वय एक्क्याऐंशी, मुक्काम बेट.
'मी मंगळवार निवडला होता.
धक्क्यावरची मुलगी म्हणाली, आजोबा, हे कालचं तिकीट.
बोट गेली. मी बाकावर बसलो.
खिशात बायकोचं कानाचं यंत्र होतं,
दुरुस्तीला न्यायचं.'

खाली शेरा: वापरणाऱ्याची चूक.
शेरा कुणीतरी मारलेला.
कुणीतरी म्हणजे मी.

एरवी हा ब्राउझर अंधारातच चालतो,
खिडकी न उघडता,
गुडघ्याला बाशिंग बांधल्यासारखा पुढच्या पानाकडे.
आज त्याला पडद्यावर बोलावलं
आणि दोन पावलांमध्ये अर्ध्या सेकंदाची जागा ठेवली.
पाचशे मिलिसेकंद.
एवढ्यात माणूस फार तर चष्मा सारखा करतो.

मग तो दिसला.
म्हणजे तो नाहीच दिसला;
चौकोन आपोआप भरत गेले, एकेक.
नाव: प्रवासी. आडनाव: नमुना.
जन्म एक जानेवारीचा.
सामान नाही, गाडी नाही, कुत्रा नाही.
चार वर्षं हा रोज रात्री बेटाचं तिकीट काढतो
आणि एकदाही बोटीत चढत नाही.
मला त्याची थोडी कीव आली.
लगेच गेली.

मग बोटींची यादी आली.
सोमवार. मंगळवार. बुधवार.
मला काचेवर बोट ठेवून वाचायची खोड आहे,
रायवो त्यावरून ओरडतो, पडद्यावर डाग पडतात म्हणून.
बोट मंगळवारवर होतं.
तेवढ्यात वरून एक पिवळी पट्टी उतरली:
वाऱ्याचा इशारा, दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्रावरून,
धापा टाकत, उशिरा आलेली.
तिला जागा करून द्यायला
अख्खी यादी एक ओळ खाली सरकली.
आवाज नाही, धक्का नाही.

माझं बोट होतं तिथंच होतं.
बोटाखाली सोमवार.

प्रवासी नमुना मात्र चुकला नाही.
त्यानं मंगळवारच दाबला, पैसे भरले, निघून गेला.
हिरवी टिकली.
तो मंगळवारला नावानं ओळखतो.
माणूस जागेनं ओळखतो,
अंधारात हात जसा दिव्याच्या बटणाशी जातो तसा.

रायवो मागे येऊन उभा. 'कुठे फेल झाली?'
'कुठेच नाही.'
'मग बघतेस काय?'
मी पुन्हा चालवली. हजारावर. मग दोन हजारावर.
पट्टी दरवेळी उतरली,
दरवेळी तशीच, घरचंच माणूस आत यावं तशी.
चौथ्या वेळी तो खुर्ची ओढून बसला
आणि स्वतःचं बोट काचेला लावलं.
काही बोलला नाही.
डागांचंही नाही.

दुपारी बेटावर फोन लावला.
एंडेल जाळी आवरायला गेला होता.
फोन बायकोनं उचलला.
मी म्हणाले, तिकिटाची चूक आमची होती.
ती म्हणाली, कोण?
मी मोठ्यानं म्हणाले.
कोण?
मी ओरडलेच. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

तर ती म्हणाली, ओरडू नकोस गं,
ओरडलं की सगळं एकात एक मिसळतं.
सावकाश सांग.

मी श्वास घेतला.
तिकिटाची.
थांबले.
चूक.
पलीकडे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, मला.